तोंडात ठेवलेला शब्द

आमच्या संस्थेच्या वेबसाइटवर कोणी लॉग-इन केलं, की ते माणूस मिरजेत आमच्या कचेरीच्या दारात येऊन उभं राहतं, चपला काढतं आणि दाराशी बसलेल्या कारकुनाच्या कानात आपला पासवर्ड सांगतं. तो कारकून त्या वेळी मी होतो. माझं नाव सदानंद आवटी होतं.

माणूस घरीही असतंच. तिकडे ते खाटेवर मोबाइल धरून बसलेलं असतं आणि इकडे माझ्यापुढे वाकलेलं असतं. कोणाच्या हाताला कणीक लागलेली असते, कोणी अर्धी दाढी करून आलेलं असतं. दात घासता घासता येणारेही असतात. त्यांना मी आधी तोंड धुऊन यायला सांगायचो. फेसातून सांगितलेला शब्द घसरतो, आणि मग दार उघडलं नाही म्हणून माझ्याच नावाने खडे फोडतात.

संस्था आवाज सांभाळते. लोक आपल्या गेलेल्या माणसांचे आवाज इथे आणून ठेवतात आणि आठवण आली की येऊन ऐकून जातात. कोणाचे वडील जेवायला हाक मारतात, कोणाची आई नुसतीच खोकते. कचेरी सतारमेकर गल्लीत एका कारखान्याच्या माडीवर आहे. खाली दिवसभर सतारीचे भोपळे घासत असतात. वर आम्ही गप्प बसायचा पगार घेतो.

माझं काम सोपं होतं, पण त्याला जीभ लागायची. कानात सांगितलेला शब्द आत जातो, घशाकडे उतरतो आणि तोंडात येईपर्यंत बोराच्या बीएवढा झालेला असतो. मुलांच्या नावांची चव गोडसर, गाडीच्या नंबरांची तुरट. काही महाभाग एक-दोन-तीन-चार एवढंच सांगतात. त्याला कसलीच चव नसते, आणि अशांना मी टोमणा मारल्याशिवाय आत सोडत नसे. शब्द तोंडात आला की तो खलबत्त्यात टाकायचा. प्रत्येकाच्या मिठाची पुडी वेगळी असते, ती त्यात रिकामी करायची आणि बारीक भुकटी होईपर्यंत कुटायचं. त्या माणसाने पहिल्या दिवशी दिलेल्या शब्दाची भुकटी बरणीत असतेच. दोन्ही चिमटीत धरून जुळतात का बघायचं, बस्स. भुकटीतून परत शब्द करता येत नाही, मलाही नाही. चोर आले तर बरण्या नेतील, भुकटी चाटतील आणि पाणी पाणी करत बसतील.

मग मोरीशी जाऊन चूळ भरायची. चूळ भरली की शब्दाची उरलीसुरली चव जाते आणि शब्द ज्याचा त्याच्या तोंडी परत जातो. निमकर मॅडम आमच्या प्रमुख होत्या, आणि त्यांचा सगळा जीव या चुळीत होता. येता-जाता माझ्यासमोर उभ्या राहून त्या आ करायला लावायच्या आणि टॉर्च मारून गालाच्या आत बघायच्या. एका शब्दात सांगायचं तर कटकट होती, पण रोजची होती.

आत जाणाऱ्याच्या मनगटाला मी तार बांधायचो. तार खालच्या कारखान्यातूनच यायची, आणि प्रत्येक तारेचा सूर वेगळा असायचा. आतल्या प्रत्येक दाराशी पहाऱ्याला बाबर बसलेला असतो. बाबर एकच आहे, तोच चॉकलेटी स्वेटर, तोच अडकित्ता, पण तो सगळ्या दारांशी असतो. एका दारावरच्या बाबरला दुसऱ्या दारावर काय झालं ते ठाऊक नसतं. त्याला एका दाराशी सुपारी दिली तर तो तोंड भरून हसतो, आणि पुढच्या दाराशी तुम्ही कोण म्हणून विचारतो. म्हणूनच तार. बाबर ती बोटाने छेडतो, सूर बरोबर लागला की दार उघडतो. माणूस आवाज ऐकतं, परत येतं, मी तार कापतो आणि ते जागच्या जागी विरतं. मग ते फक्त घरी उरतं.

पण जुन्या कॅसेटच्या खोल्यांना तार चालत नाही. ती दारं तारेच्या आधीची आहेत. तिथल्या बाबरला शब्दच लागतो, आणि तो ज्याचा त्याने, प्रत्येक दाराशी, त्याच्या कानात सांगायचा असतो. तेवढा वेळ मी छताकडे बघत उभा राहायचो.

मालनआक्का मगदूम आल्या त्या दिवशी निमकर मॅडम सांगलीला गेल्या होत्या. आक्का नदीकाठच्या गावच्या, हिरवं लुगडं, कपाळावर नुसतं गोंदण. एका हातात मोबाइल होता आणि दुसरा हात डाव्या कानावर होता. मी वाकलो आणि त्यांच्या तोंडाशी कान नेला. त्या काहीच बोलल्या नाहीत.

मी म्हटलं, आक्का, शब्द सांगा. त्या म्हणाल्या, शब्द सांगायला त्या आल्याच नव्हत्या. पुतण्याने त्यांना मोबाइलवर खातं उघडून दिलं होतं. पासवर्ड काय ठेवू म्हणून त्याने विचारलं, तेव्हा त्यांनी डोकं चालवलं. जे आपण उभ्या जन्मात कधी तोंडाने घेतलं नाही तेच ठेव, म्हणजे चुकूनसुद्धा बाहेर पडायचं नाही, असं त्यांनी त्याला सांगितलं. पुतण्याने त्यांच्या मालकांचं, म्हणजे गेलेल्या नवऱ्याचं नाव ठेवलं.

"बोटानं लिवायचं म्हणालता," आक्का म्हणाल्या. "तोंडानं घ्यायचं ठावं न्हवतं मला."

हे असं कोणी केल्याचं मी ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर इतका पक्का पासवर्डही मी पाहिला नव्हता. मी त्यांना पाणी दिलं. बसायला सांगितलं. त्यांनी काय ऐकायचं ते हळूहळू सांगितलं. मालकांचा आवाज कॅसेटमध्ये होता. मळणीच्या दिवशी पाहुण्यांपैकी कोणीतरी टेप घेऊन आलं होतं आणि सगळे त्यात बोलून बघत होते. त्या गडबडीत विहिरीवरची मोटार चालू राहिली, पाणी दुसऱ्याच्या रानात शिरलं, आणि मालक बांधावरून ओरडले. ओरडताना त्यांच्या तोंडून बायकोचं नाव गेलं. चारचौघांत, एकदाच. त्याआधीही नाही आणि त्यानंतरही नाही.

"डावा कान गेला," आक्का म्हणाल्या. "उजवा चाललाय. डॉक्टर म्हणतो, कवा जाईल सांगता यायचं न्हाई. तो जायच्या आदी माझं नाव ऐकायचं हाय मला, त्यांच्या तोंडचं."

मी उठलो आणि पुन्हा कान पुढे केला. आक्कांनी डोळे मिटून एक उखाणा म्हटला. त्यात विहीर होती, शाळूचं कणीस होतं, देव्हाऱ्यातली समई होती, आणि अगदी शेवटी, ओठ हलले न हलले इतक्या हळू, ते नाव होतं. आधीचे सगळे शब्द कोंड्यासारखे माझ्या खांद्यावर पडले. ते मी झटकले. नाव तेवढं आत गेलं. त्याची चव भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखी होती. ते नाव मी इथे सांगणार नाही. तेवढी शिस्त माझ्यात अजून आहे.

मी त्यांना म्हटलं, छान झालं, आता आतल्या तीन दारांशी एवढंच सांगायचं.

आक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जन्मभर न्हाई घेतलं, आणि आता म्हातारपणी दारोदार घेत फिरू व्हय, बाळा?"

त्यांचं मला पटलं. नियम मला पाठ होता, पण हेही पटलं. माझी आजी आजोबांच्या नावाचा महिना आला तर त्याला पुढचा महिना म्हणायची, त्या घरातला मी. शब्द तोंडात दोनदा घोळवला की एकाचे दोन होतात, हे मला माहीत होतं. कोणालाही जमतं, फक्त करायचं नसतं. मी घोळवला. एक नाव खलबत्त्यात टाकलं, मीठ घालून कुटलं, बरणीशी जुळवलं, आक्कांना तार बांधली. दुसरं नाव डाव्या गालात ठेवलं आणि चूळ भरली नाही.

"चला," मी म्हटलं. "पुढे मी सांगतो."

"देव तुझं भलं करो," त्या म्हणाल्या.

जुन्या खोल्यांकडे जाणारा बोळ लांब आहे. त्या दिवशी तो थोडा अरुंदही होता. पहिल्या दाराशी बाबरने मान वर केली आणि शब्द विचारला. मी वाकून त्याच्या कानात ते नाव सांगितलं. त्याने अडकित्ता खिशात घातला आणि उठून उभा राहिला.

"या मालनआक्का," तो मला म्हणाला.

मी मागे बघितलं. आक्का मागेच होत्या. मी बाबरला म्हटलं की मालनआक्का या, मी सदानंद, रोज आपण एकत्र चहा घेतो. बाबर म्हणाला, शब्द ज्याच्या तोंडी तो मालक, चहाचं त्याला काही ठाऊक नाही. मग त्याने आक्कांकडे हनुवटी केली आणि या कोण म्हणून विचारलं. वाद घालून उशीर होईल म्हणून मी म्हटलं, माझ्यासोबत आल्यात. सोबत आलेल्याला आत सोडतात, असं तो म्हणाला, आणि आम्ही आत गेलो.

दुसऱ्या दारापर्यंत भिंती दोन्ही खांद्यांना लागायला लागल्या. आक्का माझ्या मागे एका रेषेत चालत होत्या. गालातलं नाव आता सुपारीएवढं झालं होतं, आणि बोलताना मला ते जिभेने बाजूला सारावं लागत होतं. बाबरने शब्द घेतला आणि अदबीने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मी बरे आहेत म्हणालो. चढताना जरा दुखतात, असंही म्हणालो. ते मी का म्हणालो ते मला कळलं नाही, पण बाबरला पटलं, आणि त्याने मला उंबरा ओलांडायला हात दिला.

तिसऱ्या दाराच्या आत खोली म्हणावी असं फारसं नव्हतं. एक फळी, फळीवर एक कॅसेट, खाली एक स्टूल. भिंतीवर एक फोन होता, तो फक्त निमकर मॅडमना लागतो. आक्का स्टुलावर बसल्या, पदर मागे केला आणि उजवा कान पुढे केला. दार मागे आपोआप लागलं.

कॅसेट फिरली. आधी मोटारीची घरघर आली, मग पाण्याचा आवाज, मग बायकांचं हसणं, आणि मग लांबून, बांधावरून, एक जाड आवाज माझ्या कानात शिरला. मालन, मोटार बंद कर. बस्स, एवढंच. कॅसेट थांबली. त्या रागात कुठेतरी लाड होता, आणि तो लपवायला त्या माणसाला वेळच मिळाला नव्हता.

आक्का तशाच बसून होत्या, कान पुढे, डोळे मिटलेले.

"लाव की," त्या म्हणाल्या.

"वाजली," मी म्हटलं.

"कवा?"

मी पुन्हा लावली. पुन्हा मोटार, पाणी, हसणं, मालन. सगळं माझ्या कानात. आक्कांनी तळहाताने कानाला खड्डा केला, फळीला कान लावला, स्टुलावर चढून वर लावला. मला काय ऐकू आलं ते मी त्यांना म्हणून दाखवलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. माझ्या आवाजात त्यांना ते नको होतं. इथे माझं चुकलं, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. आवाज शब्दाच्या मालकालाच ऐकू जातो, आणि शब्दाचा मालक आता मी होतो.

आक्का लुगड्याचा काठ बोटांनी सरळ करत होत्या. मग उठल्या.

"घेते," त्या म्हणाल्या. "म्या घेते नाव. त्या दारावरच्याला सांगते, मग तरी ऐकू यील न्हवं? एकदा काय, धा बार घेते. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे."

मी दार ठोठावलं. बाबरने फटीतून कान आत दिला. आक्का त्याच्या कानाशी वाकल्या, त्यांच्या कपाळावरच्या शिरा वर आल्या, आणि तोंड उघडलं. तोंडात काही नव्हतं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. त्यांनी उखाणा पहिल्यापासून म्हटला, विहीर आली, कणीस आलं, समई आली, आणि शेवटी नुसता श्वास आला. बाबरने थोडा वेळ वाट बघून कान काढून घेतला.

"न्हाई माझ्याजवळ," आक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या. त्या घाबरल्या होत्या. "लगीन झाल्यापास्नं जिभेवर धरून बसलीया, कधी सोडलं न्हाई. आता जागाच मोकळी लागतीया."

ते माझ्याकडेच होतं. मी चूळ भरली नव्हती, म्हणून परत गेलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, काळजी करू नका, मी मोरीशी जाऊन एक चूळ भरून येतो, लगेच तुमचं तुम्हाला मिळेल. बाबरला म्हटलं, मला बाहेर जाऊ दे. बाहेर जाताना कर्मचाऱ्याने आपला स्वतःचा शब्द सांगायचा असतो. माझाही एक शब्द होता. तो रोहिणीलाही माहीत नव्हता, आणि रोहिणी माझी बायको. मी तो सांगायला तोंड उघडलं, पण एका तोंडात दोन शब्द मावले नाहीत. बाबरच्या कानात गेलं ते आक्कांच्या मालकांचंच नाव.

"या मालनआक्का," बाबर म्हणाला आणि दार उघडलं.

मी दारातून बाहेर पडलो आणि आत आलो. फळी, कॅसेट, स्टूल, आणि स्टुलावर आक्का. मी पुन्हा गेलो, पुन्हा आलो. त्या नावाने जी दारं उघडतात ती सगळी इकडेच उघडतात. प्रत्येक खेपेला भिंत थोडी पुढे येत होती, आणि नंतर नंतर मला आक्कांच्या गुडघ्यांना गुडघे लावून उभं राहावं लागलं. त्यांनी पाय पोटाशी घेतले आणि माझ्यासाठी जागा केली.

मी मॅडमना फोन लावला. नाव आता लिंबाएवढं झालं होतं, त्यामुळे मला अर्ध्या तोंडाने बोलावं लागत होतं.

"मॅडम, शब्द तोंडात राहिलाय."

"कोणाचा?"

"मालनआक्का मगदूम."

"कोणता ते सांगू नका. चूळ भरा."

"पाणी बाहेर आहे."

"मग बाहेर या."

"दार आतच उघडतं, मॅडम."

पलीकडे त्यांनी काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, थांबा, तिची तार मी इथूनच कापते. कट् असा आवाज झाला आणि आक्कांच्या मनगटावरची तार सुटून स्टुलाखाली पडली. आता आक्का विरायला हव्या होत्या. त्यांनी विरून फक्त घरच्या खाटेवर उरायला हवं होतं. त्या विरल्या नाहीत. त्यांनी नुसतं मनगट चोळलं.

"गेली?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"नाहीच जाणार. तार कापून उपयोग काय? शब्द आत आहे. जोवर तो तुमच्या तोंडात आहे तोवर ती आत आहे."

मी विचारलं, आक्कांना नवा शब्द लावून देता येईल का. मॅडम म्हणाल्या, त्यासाठी मालकाने जुना सांगावा लागतो. मी म्हटलं, जुना माझ्याकडे आहे, मी सांगतो.

"तुम्ही मालनआक्का नाही," त्या म्हणाल्या. मग हळूच विचारलं. "का आहात?"

मी जिभेने गालातलं नाव चाचपलं. मॅडमचा आवाज उतरला. इतकी वर्षं टॉर्च मारणाऱ्या त्या बाईंना मी पहिल्यांदाच काळजीत पडलेलं ऐकलं. त्या म्हणाल्या, मी सांगलीहून निघते, तोवर स्वस्थ बसा. "आणि सदानंद, गिळू नका. काही झालं तरी गिळू नका. तोंडातलं काढता येतं." मग भिंत फोनवरून पुढे सरकली आणि फोन तिच्या मागे गेला.

आम्ही दोघं बसून राहिलो. बसून म्हणजे आक्का स्टुलावर आणि मी त्यांच्या समोर उकिडवा, फळी डोक्याला टेकलेली. आक्कांनी कमरेची चंची सोडली, पण तीत लवंग होती, पाणी नव्हतं. मला वाईट वाटत होतं. एका बाईला एक शब्द परत परत बोलावा लागू नये एवढंच मी बघितलं होतं, आणि आता तिच्याकडे तो शब्दही नव्हता आणि आवाजही नव्हता. मी तसं त्यांना म्हणालो. त्या म्हणाल्या, त्यांनीच होकार दिला होता.

मग त्यांनाच सुचलं.

"माझ्या कानात सांग," त्या म्हणाल्या. "तुझ्या कानात म्या सांगितलं तसं. उजव्या कानात. माझं मला दे."

यात चूक काही दिसत नव्हती. शब्द कानातून तोंडात जातो, माझा गेला तसा त्यांचाही जाईल. आक्कांनी मान वाकडी केली, उजव्या कानावरचे केस मागे केले. मी जिभेने नाव गालातून पुढे आणलं. ते दातांना घासत होतं. मी त्यांच्या कानाशी ओठ नेले.

तेवढ्यात खालून हाक आली. "सदा! ए सदा!"

ती रोहिणी होती. शाळेतली नोकरी आटोपली की ती स्कूटर घेऊन गल्लीत यायची. माडीवर मोबाइलला रेंज नाही, म्हणून खालूनच हाक मारायची. सगळी गल्ली ऐकायची. कारखान्यातली माणसं तिची नक्कल करायची, भोपळे घासता घासता एकमेकांना सदा, ए सदा म्हणायची. मी तिला कितीदा तरी सांगितलं होतं, नुसता हॉर्न वाजव. ती म्हणायची, हॉर्नला काय कळतंय कोणाला हाक मारायची ते. मी तोंड वाकडं करायचो, पण रोज त्या वेळी माझे कान खालीच लागलेले असायचे. ती हाक मला फार आवडायची.

आणि हाक आली की मी रोज जे म्हणायचो तेच म्हणालो. मी "आलो" म्हणालो, आणि आलोबरोबर नाव घशात उतरलं.

ते कुठे अडकलं नाही. एवढं मोठं होतं तरी सहज गेलं, सवयीच्या वाटेने गेल्यासारखं. पोटात जाऊन स्थिर झालं. तोंड एकदम मोकळं झालं, आणि त्यात तंबाखूची चव होती. मी तंबाखू कधी खाल्ली नव्हती. खांदे जड वाटत होते, आणि उकिडवं बसायला आता त्रास होत नव्हता.

"सदा!" खालून आवाज आला. "अरे सदा, चल ना, उशीर होतोय!"

कोणाची तरी बायको कोणाला तरी बोलावत होती. आवाज चांगला होता. असं नाव घेऊन, रस्त्यात उभं राहून, न लाजता बोलावणारी बायको मी आधी पाहिली नव्हती. तो गृहस्थ कुठे असेल तिथून उत्तर का देत नाही, असं मला वाटलं. बिचारीला किती वेळ उभं करायचं.

आक्का माझ्याकडे बघत होत्या. आधी कपाळाकडे, मग हातांकडे, मग बराच वेळ तोंडाकडे. त्या स्टुलावरून उठल्या, भिंतीला अंग चोरून उभ्या राहिल्या आणि पदराने स्टूल पुसलं.

"बसा," त्या म्हणाल्या.

मी बसलो. फळीवरची कॅसेट आपोआप फिरायला लागली, पण तिच्यातून काही आवाज आला नाही. खाली कुठेतरी, भोपळ्यांच्याही खाली, मोटार सुरू होती. पाणी दुसऱ्याच्या रानात चाललं होतं. ते मला दिसत नव्हतं, पण कळत होतं, आणि मला राग आला. एवढ्या माणसांत कोणाचंच लक्ष नव्हतं.

"मालन," मी ओरडलो. "मोटार बंद कर."

आक्कांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलत होते. त्या रडत होत्या की हसत होत्या ते मला कळलं नाही, पण उजवा कान त्यांनी माझ्याकडेच ठेवला होता.

"आलं," त्या म्हणाल्या. "ऐकू आलं, अहो."

दारापाशी अडकित्त्याचा आवाज झाला. बाबर होता. त्याने फटीतून कान आत दिला नाही, नुसतं बाहेरूनच विचारलं. "आत कोण आहे?"

मी वाट बघितली. खालून ती हाक पुन्हा आली. कोणीतरी सांगेल म्हणून मी आक्कांकडे बघितलं. आक्कांनी डोक्यावरून पदर घेतला, तो कपाळापर्यंत पुढे ओढला आणि मान खाली घालून दाराकडे तोंड केलं.

"आमचे हे हायत," त्या म्हणाल्या.

बाबरने बाहेरून कडी घातली. दाराखालून थोडं पाणी आत आलं आणि माझ्या पायाला लागलं. खाली गल्लीत ती बाई अजून कोणाला तरी हाक मारत होती.